न हललेलं नाणं

शुद्धीवर असलेला, पगारदार, निर्व्यसनी माणूस भर दुपारी एकटाच बसून फासे टाकतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणी सांगून मला पटलं नसतं. पाहूनही लवकर पटलं नाही.

आम्ही दोघं नळदुर्गच्या हायस्कुलात होतो. ते पदार्थविज्ञान शिकवत, सगळे त्यांना नुसतं सर म्हणत; मी गणित. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, मधे मुंबई राज्य येऊन गेलं होतं, आणि कचेऱ्यांवरच्या नव्या महाराष्ट्राच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता. पण सर शिकले होते हैदराबादेत, उर्दूतून. वर्गात मराठी बोलता बोलता ‘तापमान’ या शब्दापाशी आले की ते अडखळत आणि ‘दर्जा-ए-हरारत’ म्हणून पुढं जात. मुलंही पेपरात तसंच लिहीत. हेडमास्तर चिडले की सर शांतपणे म्हणत, “लफ्ज कुठलाही असू द्या साहेब, पारा तेवढाच चढतो.”

अंगात कायम करडी शेरवानी, तिचं वरचं बटण गेलेलं, आणि खाली धोतर. नव्या माणसाला पहिला धक्का या पोशाखाचा बसे. दुसरा त्यांच्या तासाला बसे. मुलं सतरंजीवर बसत, आणि सर त्यांना कधीही ओळीत बसवत नसत. म्हणायचे, “कुठंही बसा. कायदा एकच. एका जागी दोघं नाहीत.” मग शिकवता शिकवता मुलं कशी पसरलीत ते मान वाकडी करून बघत राहायचे. एकदा दुसरे एक शिक्षक रजेवर होते म्हणून त्यांचा वर्गही सरांच्या खोलीत कोंबला. मी शेजारच्या खोलीत फळ्यावर समीकरण लिहीत होतो. एकाएकी सर ओरडले. साप निघाला असं वाटून मी खडू टाकून पळालो. सर खुर्चीवर उभे. मुलं भेदरलेली. मला बघून म्हणाले, “अहो गणितवाले, बघा, बघा! रांगा लागल्या! मी सांगितलं का रांगा करा म्हणून? कुणीच सांगितलं नाही!”

मी पाहिलं. मुलं दाटीवाटीनं बसली होती, आणि खरंच रांगा होत्या. त्यात ओरडण्यासारखं काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

आम्ही एकाच मालकीणबाईंच्या दोन शेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मधली मातीची भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळं त्यांचं सगळं आमच्याकडं ऐकू यायचं. सुटीच्या दुपारी खुळखुळ आवाज व्हायचा, मग काहीतरी सरकल्यासारखं, आणि मग सरांचा आवाज, “नाही बसत!” थोडा वेळ शांत. पुन्हा खुळखुळ. पुन्हा “नाही बसत!” माझी बायको म्हणायची, “त्यांच्याकडं कोण येतं हो एवढं भांडायला?” कुणीही येत नव्हतं. दारात चपलांचा एकच जोड असायचा.

मालकीणबाईंनी एकदा खिडकीतून वाकून पाहिलं आणि तडक आमच्या दारात आल्या. पदर तोंडाला लावलेला. “फासं हायत बाई त्याच्याजवळ! फासं! आन् पैशाचा ढीग मांडलाय म्होरं. एकटाच खेळतोय आन् एकटाच हरतोय. जिकल्याचं एकदा बी तोंड न्हाय मेल्याचं.”

मी गेलो. सरांनी लपवालपवी काहीच केली नाही. “या. दार लावून घ्या, वाऱ्यानं कागद उडतो.”

जमिनीवर मोठा चौकटीचा कागद अंथरलेला. चारी बाजूंना लाकडी पट्ट्या, त्या आत-बाहेर सरकवता येतील अशा. आत छत्तीस नाणी. निजामी राजवटीतले तांब्याचे पैसे, हाली म्हणत ते, जे आता बाजारात कुणी हातात धरत नव्हतं. तांबटाकडं भांड्यांसाठी वितळवायला आलेल्या ढिगातून सरांनी ते वजनावर आणले होते. त्यातही सगळे चालत नसत. पत्र्याची एक कडी त्यांनी करून घेतली होती. तिच्यातून जो पैसा ना सैल ना घट्ट असा नेमका जाईल, तेवढाच घ्यायचा. प्रत्येकावर रंगानं आकडा टाकलेला. जवळ दोन फासे, एक पांढरा, एक लाखेनं तांबडा केलेला. ते फासेही मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिलेले, एखादी बाजू जड तर नाही ना म्हणून.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“पाणी.”

मी दाराकडं पाहिलं.

“बसा हो. पाणी समजा, तेल समजा. कुठलीही पातळ चीज. तिचे कण म्हणजे हे पैसे. एकमेकांना ओढत नाहीत, ढकलत नाहीत, दोस्ती नाही, दुश्मनी नाही. फक्त टणक. एकाच्या जागेत दुसरा घुसू शकत नाही. बस.” त्यांनी फासे टाकले. “पहिल्या दानानं कुठला पैसा ते ठरतं. दुसऱ्या दानानं तो कुठल्या बाजूला आणि किती सरकवायचा ते. सरकवल्यावर दुसऱ्याच्या अंगावर चढला, तर?”

“तर?”

“नाही बसत! परत मागं.” त्यांनी पैसा मूळ जागी ठेवला आणि पुन्हा फासे उचलले.

“आणि पट्टीच्या बाहेर गेला तर?”

“तर समोरच्या पट्टीतून आत. उजवीकडून गेला, डावीकडून आला. भिंत नाही. एवढ्याशा डब्याला भिंत ठेवली तर सगळे पैसे भिंतीच्याच तक्रारी सांगतात.”

ही गोष्ट शाळेत कशी पसरली कोण जाणे. पुढं कित्येक दिवस मुलं म्हणत, सर सोलापूरच्या रस्त्यानं फिरायला गेले तर हैदराबादच्या रस्त्यानं परत येतात.

अमेरिकेत हे काम मोठाल्या यंत्रांवर करतात, असं त्यांच्या हैदराबादच्या एका मित्रानं त्यांना कळवलं होतं. मी म्हणालो, “मग आपण कशाला? यंत्र हजारो दानं टाकणार.” सर म्हणाले, “यंत्र काय करतं? दान टाकतं आणि कंटाळत नाही. मीही कंटाळत नाही.”

मी हिशोबी माणूस आहे. भाजीसुद्धा घरी आणल्यावर पुन्हा तोलून बघतो. या सगळ्यातून मिळतं काय, हा प्रश्न मला पडणारच.  “आज पट्ट्या जरा आत घेतल्यात. पुढच्या रविवारी या,” सर म्हणाले. पुढच्या रविवारी पट्ट्या आणखी आत. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. पैसे विस्कटलेलेच होते, अंगणात वाळवण सांडावं तसे. मला वाटलं, पोरखेळ आहे. मग पाऊसपाण्याच्या, परीक्षेच्या गडबडीत माझं जाणं राहिलं. एका दुपारी सहज डोकावलो आणि उंबऱ्यातच थांबलो.

पैसे रांगेत होते. नुसते रांगेत नाही. मधमाशांच्या पोळ्यात असतात तसे, प्रत्येकाभोवती सहा. एका कोपऱ्यात थोडी मोडतोड होती, बाकी सगळं कुणी बोटानं लावून ठेवल्यासारखं.

“तुम्ही लावलेत,” मी म्हणालो.

सरांनी फासे माझ्या हातात दिले. मी टाकले. माझं दान सांगेल तो पैसा, दान सांगेल तिकडं. अंधार पडायला लागेपर्यंत मी टाकत होतो. पैसे आपापल्या जागी थरथरल्यासारखे जरा हलत आणि पुन्हा तिथंच राहत. रांग मोडेना.  कुणी ओढत नाही, कुणी सांगत नाही, फासे आंधळे, कायदा एकच, आणि तरी ही शिस्त. ही आली कुठून? मी देवभोळा नाही, पण त्या दिवशी घरी येऊन आधी दिव्याला हात जोडले.

“गरमीनं नाही होत हे,” सर म्हणाले होते. “दर्जा-ए-हरारत कितीही असू द्या. हे दाटीनं होतं. किती दाटीला होतं, तो आकडा मला काढायचाय.”

त्या आकड्यानं त्यांना झपाटलं होतं. पैसा सरकून बसला की दर वेळी कुठला पैसा कुणाला किती चिकटून आहे ते मोजायचं, त्याच्या सरासऱ्या काढायच्या, वाण्याकडच्या पुड्यांच्या कागदावर आकडे लिहायचे. खंडोबाच्या यात्रेत ते एका भिंतीवर चढून बसले आणि वरून नुसते पटके बघत राहिले. दर्शन नाही, प्रसाद नाही. खाली एक म्हातारा मला म्हणाला, “तुमचं मास्तर उतरंल का न्हाय? का नवस बोललंय?”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमारास हमरस्त्यावरच्या एका धाब्यामागं ट्रकवाल्यांचा जुगार पकडला गेला. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. मालकीणबाईंनी विहिरीवर आपली माहिती सांगितली, आणि ती संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली.

अध्यक्षांना सगळे अप्पा म्हणत. तुरीच्या आडतीचे मोठे व्यापारी, घरात कानडी, बाजारात मराठी, कपाळावर विभूतीचे पट्टे. शाळा त्यांच्या शब्दावर उभी राहिली होती, आणि सरकारी तपासणी तोंडावर आली होती. जुगारी शिक्षक ठेवला म्हणून अनुदान अडलं तर शाळा बंद पडेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. हेडमास्तरांनी मला बोलावलं. सरांना कामावरून कमी करण्याचा कागद तयार होता, फक्त सही बाकी होती.

“तुम्ही गणिताचे,” हेडमास्तर म्हणाले. “अप्पा तुमचं ऐकतील. हा जुगार आहे की गणित, एवढं सोमवारी सांगा.”

मला सरांची काळजी वाटली, आणि ती साधी नव्हती. बायको नाही, मूल नाही, हैदराबादेत आता कुणी नाही. उर्दूतली पदवी घेऊन त्या वयाच्या माणसाला मराठी मुलखात दुसरी शाळा कोण देणार? हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ते एवढंच म्हणाले, “तुम्ही नीट तपासून सांगा. बिना तपासता मेहरबानी नको.”

तपासल्याशिवाय बोलायचं नाही हा माझाही स्वभाव. रविवारी सकाळी मी पाटी घेतली. छत्तीस पैशांचं खरं उत्तर मला काढता येणार नव्हतं. म्हणून जिथं उत्तर आधीच ठाऊक आहे असा लहान खेळ मी केला. तीन घरांची एक गल्ली आखली. फिरायला एकच पैसा, उडवायला दुसरा. छापा पडला तर उजवीकडचं घर, काटा पडला तर डावीकडचं. गल्लीच्या बाहेर जायची वेळ आली तर, सर करायचे तसं, ‘नाही बसत’ म्हणून पुन्हा टाकायचं. तिन्ही घरं सारखीच. तेव्हा पैसा तिन्ही घरांत सारखाच वेळ राहायला हवा.

राहिला नाही. मधल्या घरात निम्मा वेळ गेला. कडेच्या दोन घरांना मिळून निम्मा.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. उडवायचा पैसा खोटा असेल म्हणून तो बदलला. तेच. मग बसून सूत्रानं काढलं. चूक नाण्यात नव्हती. कडेच्या घरात असताना जी दानं फुकट जात होती, ती मी मोजतच नव्हतो. त्या दानांच्या वेळी पैसा कडेच्याच घरात होता की! ती दानं धरली, आणि तिन्ही घरं सारखी आली.

मी पाटी घेऊन सरांकडं गेलो. त्यांनी पाटी मांडीवर घेतली. बोटानं एकेक ओळ पाहिली. मग अगदी हळू म्हणाले, “मांडायचं होतं.”

“काय?”

“न हललेलं. नाही बसत म्हणून परत ठेवला, तर परत ठेवलेलाही मांडायचा. दर वेळी. घरात बसून राहिलेल्याला मोजलंच नाही, तर सगळा गाव कायम रस्त्यावरच दिसणार.” ते उठले, लोट्यातलं पाणी उभ्यानंच प्यायले. “आणि दाटीत तर दहातली आठ दानं नाही बसत. म्हणजे जिथं आकडा पाहिजे, तिथंच सगळ्यात जास्त चुकलं. दीड वर्षं.”

“सर, रांगा तर खऱ्या आहेत?”

“रांगा लहान पोरालाही दिसतात. मी आकडा काढत होतो. रांगा खऱ्या, आकडा खोटा.”

मी दार ओढून घेतलं आणि समजावलं, “हे बघा, उद्या कुणी तुम्हांला आकडा विचारणार नाही. प्रश्न एवढाच आहे, जुगार की गणित. गणित आहे. चुकलं तरी गणितच. मी तेवढंच सांगतो. बाकीचं आपण दोघं मागाहून बघू.” सर पाटीकडं बघत होते. मला वाटलं, ऐकलं त्यांनी.

सोमवारी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांच्या खोलीत बसलो. टेबलावर फासे, कागद, पट्ट्या आणि छत्तीस पैसे. सरांनी ते मांडून ठेवले होते, दाटीनं. शेजारी तो कामावरून कमी करण्याचा कागद. अप्पांनी फासे बोटांनी उचलून पाहिले, विंचू उचलावा तसे.

“मास्तर, फासं हायत. पैसं हायत. जुगाराला तिसरं काय लागतं सांगा?”

“दुसरा माणूस,” सर म्हणाले.

मला ठसका लागला. अप्पा हसले नाहीत. माझ्याकडं वळले. “तुमी सांगा. काय हाय हे?”

“गणित आहे अप्पा. मी स्वतः तपासलं. पैशानं पैसा जिंकायचा नाही यात. पातळ पदार्थाचे कण कसे वागतात ते...”

“आन् निघालं काय ह्यातून?”

मी सांगणार होतो, रांगा निघाल्या. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, “थांबा, गणितवाले. अप्पासाहेब, निघालेलं सगळं चुकलंय.”

हेडमास्तरांनी लेखणी खाली ठेवली.  हा माणूस आपल्याच हातानं आपल्या गळ्याला दोरी लावतोय, आणि ज्यानं ती सोडवायची तो मी इथं तोंड उघडं टाकून बसलोय, असं मला झालं. सर मात्र वर्गात सांगावं तसं सांगत होते. दान पडतं. पैसा बसत नाही. तो परत ठेवायचा, आणि तेही मांडायचं असतं. मी मांडलं नाही. म्हणून दीड वर्षाचे आकडे रद्द.

अप्पांनी विचारलं, “ही चूक धरली कुणी?”

“ह्यांनी. काल.”

“आन् तुमी बोलला नसता, तर मला कुणी सांगितलं असतं?”

“कुणीच नाही. ह्यांनी तर सांगू नका म्हणून सांगितलं होतं.”

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी टेबलाखाली पायाचा अंगठा दाबून धरला.  मग अप्पा ‘शिवा शिवा’ म्हणाले आणि हेडमास्तरांकडं वळले.

“आडतीवर माझं केस पिकलं. जुगारी म्या लई पायले. जुगारी जिकलेलं गावभर सांगत हिंडतो. हरलेलं बायकोला बी सांगत न्हाय. ह्यो माणूस कुणी न इचारता हरल्यालं सांगतोय, ती बी सही व्हायच्या आधी. ह्यो जुगारी न्हाय.” जरा थांबून म्हणाले, “येडा आसंल. येड्याला काढायचा कायदा हाय का, हेडमास्तर?”

“तसा नाही अप्पा,” हेडमास्तर चाचरत म्हणाले. “तसा असता तर शाळेत फारसं कुणी उरलं नसतं.”

आता अप्पा हसले. पोट हलवून हसले. हातात फासे होतेच. “मास्तर, आता काय करणार?”

“पहिल्यापासून.”

“पयल्यापासून?” अप्पांनी फासे खुळखुळवले. “मंग म्या टाकतो पयलं.” त्यांनी टेबलावर फासे टाकले. सरांनी पैसा दाखवला. पुन्हा टाकले. सरांनी पैसा सरकवला, तो शेजारच्यावर चढला. “नाही बसत,” सर म्हणाले आणि पैसा परत ठेवला.

“आरं! वाया गेलं. परत टाकतो.”

“नाही अप्पासाहेब. वाया नाही गेलं. आधी मांडायचं.” सर कागद शोधायला लागले. शेरवानीचे खिसे चाचपले, इकडंतिकडं पाहिलं. हेडमास्तरांनी समोरचा तो बिनसहीचा कागद उचलला, क्षणभर अप्पांकडं पाहिलं, आणि उलटा करून कोरी बाजू वर करून सरांपुढं सरकवला. सरांनी त्यावर एक उभी रेघ ओढली.

घरी येऊन मी बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. 

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडं पुन्हा खुळखुळ सुरू झाली. फक्त एक फरक पडला होता. पूर्वी सर ‘नाही बसत’ म्हणून थांबत. आता म्हणत, “नाही बसत, एक. नाही बसत, दोन. नाही बसत, तीन.” दुपार कलली तरी चाललेलं. मालकीणबाई पापड वाळत घालायला अंगणात आल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं, मग हातातला पोळपाट तसाच धरून आमच्या दारात आल्या आणि डोळे विस्फारून म्हणाल्या, “आवो मास्तर, ऐकलंत का? आता तर हरलेलं मोजून ठिवाया लागलाय!”